लक्ष्मीची भूमिका कोण करणार?

यवतमाळच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी गरिबी शिकवायचे. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग त्याला वाटतं, बाईंनी गंमत केली. मग तो विचारतो, "म्हणजे नेमकं काय शिकवायच्या?" आणि मी उत्तर द्यायला लागले की त्याला कुठलं तरी काम आठवतं. निवृत्त झाल्यापासून असे अर्धवट राहिलेले पुष्कळ खुलासे माझ्याकडे साठले आहेत. घरात ऐकायला दुसरं कोणी नाही. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत, आणि समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं पुण्याला मुलाकडे राहायला गेलं. त्यामुळे या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून टाकलं. त्यांना बहुधा नवल वाटलं असेल.

विषयाचं कागदावरचं नाव 'दारिद्र्य आणि उद्योग'. ऐच्छिक विषय, म्हणजे ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा. ऐच्छिक विषयाला ठरावीक संख्येनं मुलं मिळाली नाहीत तर तो त्या वर्षी बंद. जाहिरात, शेअर बाजार, बँकिंग या विषयांना मुलं आपसूक मिळतात. माझ्या विषयासाठी मला दर वर्षी कॉलेज उघडल्यावर व्हरांड्यात उभं राहून मुलं गोळा करावी लागत. आठवडी बाजारात संध्याकाळी उरलेली भाजी खपवणारी बाई जशी हाका मारते, तशीच मी. फक्त माझी साडी कडक इस्त्रीची असायची.

आमचे संचालक मनानं वाईट नव्हते. पण दर वर्षी एकदा तरी केबिनमध्ये बोलावून विचारायचेच, "मॅडम, हे गरिबी-बिरिबी शिकून पोरायले नोकरी लागते काय?"

मी म्हणायचे, "सर, कंपन्यांना आता खेड्यात माल विकायचाय. खेड्यात गिऱ्हाईक कोण आहे ते पोरांना कळायला नको?"

"हो, पन मंग त्याले ग्रामीण बाजारपेठ म्हना ना. गरिबी काहून म्हंता? मायबाप घाबरते."

नाव बदलायला मी काही तयार झाले नाही. ग्रामीण बाजारपेठ म्हटलं की माणूस खरेदी करताना दिसतो. गरिबी म्हटलं की तो खरेदी न करता परत जाताना दिसतो, आणि मला तोच दाखवायचा होता. संचालक हात जोडून म्हणायचे, "तुमी आन तुमची गरिबी." माझ्या हट्टीपणाची कॉलेजात ख्याती होती. डबा खायच्या वेळी माझ्या टेबलावर कोणी बसत नसे, त्याचं एक कारण तेही असावं.

या शिक्षणाबद्दल बाहेरच्या लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे नुसतं पुस्तक वाचून दाखवत नाहीत. एखाद्या कंपनीपुढची अडचण दोन-चार पानांत लिहून मुलांच्या हाती देतात. तिला केस म्हणतात. मुलांनी ती वाचायची आणि सांगायचं, मी तिथं असतो तर काय केलं असतं. हा 'मी' म्हणजे नेहमी कंपनीचा माणूस. मॅनेजर, अधिकारी, मालक. गरीब माणूस केसमध्ये असतो, पण निर्णय त्याच्याविषयी होतो, तो स्वतः काही ठरवत नाही. आणि तो बहुधा बाई असतो, आणि तिचं नाव बहुधा लक्ष्मी असतं. केस लिहिणारी माणसं एवढी शिकलेली, पण दुसरं नाव त्यांना सुचत नाही.

वर्षातून एकदा मी मुलांना गावाकडे न्यायचे. एके वर्षी झरी जामणीकडे गेलो. जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीला तिकडे पोड म्हणतात. पोडाचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, बाजेवर बसले होते. माझ्या मुलांचे टापटीप शर्ट बघून त्यांनी विचारलं, "तुमी काय विकता?"

आमच्यातला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "काही नाही आजोबा. आम्ही शिकायला आलो."

"काय शिकता?"

मुलगा अडखळला. माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. शेवटी म्हणाला, "गरिबी."

नाईकांनी थोडा विचार केला आणि हातानं रस्ता दाखवला. "मंग इथं कायले थांबले? त्या नाल्यापलीकडल्या पोडावर जा. तिथं लय हाय."

मुलं खो खो हसली. आम्ही खरंच नाल्यापलीकडे गेलो. तिथल्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि आणखी पुढच्या गावाचं नाव सांगितलं. परत येताना बसमध्ये मुलं तीच गोष्ट घोळवून घोळवून सांगत होती. मी खिडकीपाशी बसले होते. मला त्यात हसण्यासारखं फारसं वाटलं नाही. मी स्वतः दिग्रसची. कॉलेजात कोणी घरचं विचारलं की मी सांगायचे, "वडील कापसात होते." दिग्रस म्हणजे कापसाची बाजारपेठ, जिनिंगचं, कापसातली सरकी काढणाऱ्या गिरण्यांचं गाव. ऐकणारा समजायचा की बाई व्यापाऱ्याच्या घरातली. मी ते खोडून काढत नसे. माझे वडील पिंजारी होते. जिनिंगमधली टाकाऊ रुई आणून ते पिंजायचे आणि गाद्या-रजया भरून द्यायचे. आई त्या गाद्यांना टाके घालायची आणि नवीन काम मिळवायला घरोघर फिरायची. तेव्हा कापसात होतोच आम्ही, केसांपासून नखांपर्यंत.

वर्गात माझी आवडती रीत म्हणजे भूमिका. केस वाचून झाली की मी पुढे एक टेबल आणि एक खुर्ची मांडायचे. एकानं कंपनीचा अधिकारी व्हायचं आणि खुर्चीवर बसायचं. एकानं लक्ष्मी व्हायचं. बाकीच्यांनी बघायचं आणि नंतर बोलायचं. या रीतीतून मला एक गोष्ट कळली, ती कुठल्या पुस्तकात मला भेटली नव्हती. ज्या मुलींच्या घरी गाडी होती, त्या लक्ष्मी व्हायला एका पायावर तयार असायच्या. डोक्यावरून ओढणी घ्यायच्या, आवाज बारीक करायच्या, दर वाक्याला साहेब म्हणायच्या. आणि जी मुलं खरोखर गरीब घरातून आलेली असत, ती एकजात अधिकाऱ्याची खुर्ची मागत. माझ्या विषयात ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त होतं, ती त्याबद्दल एक अक्षर काढत नसत. मला त्यांची चीड यायची आणि मायाही वाटायची. मी तरी कुठे बोलत होते?

सुनीता त्यातलीच. दिग्रसजवळच्या एका तांड्यावरची. आईवडील जिनिंगमध्ये रोजानं जात. वर्गात ती मोजकं बोलायची, पण अधिकाऱ्याची भूमिका आली की हात वर. खुर्चीवर बसली की तिचं बोलणं बदलायचं. एरवीचं 'मले, तुले' जायचं आणि पुस्तकासारखी मराठी यायची. पाठ ताठ, हात टेबलावर. समोरच्या लक्ष्मीला ती जराही सूट देत नसे. मुलं तिला पाठीमागे कलेक्टर म्हणायची.

त्या वर्षी माझ्या विषयाला कशीबशी पुरतील इतकीच मुलं मिळाली होती. एक जरी गळालं असतं तरी विषय बंद, आणि संचालकांनी एकदा बंद केलेला विषय पुन्हा उघडला असता असं मला वाटत नव्हतं. माझी निवृत्ती जवळ आली होती. विषय गेला तर उरलेली वर्षं मला दुसऱ्या कोणाच्या तासाला बदली शिक्षक म्हणून बसावं लागलं असतं. खरं सांगायचं तर या विषयाखेरीज माझं असं दुसरं काहीही नव्हतं.

केस अशी होती: एका साबण कंपनीला दुकान नसलेल्या गावांत माल पोचवायचाय. त्यासाठी गावातल्याच बायका विक्रेत्या म्हणून नेमायच्या. लक्ष्मीनं अर्ज केलाय. अधिकाऱ्यानं मुलाखत घेऊन ठरवायचं. नेहमी तेच ते अधिकारी आणि त्याच त्या लक्ष्म्या होतात, म्हणून मी त्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. लक्ष्मीची चिठ्ठी सुनीताला आली.

तिनं ती वाचली, घडी घातली आणि बाकावर ठेवली. "मी नाही करत."

"चिठ्ठी आली की करावी लागते, सुनीता."

"मी नाही करत मॅडम," ती पुन्हा म्हणाली, दप्तर उचललं आणि वर्गाबाहेर गेली. मागून कोणीतरी 'कलेक्टर रुसली' म्हटलं. दुपारी ऑफिसमधल्या क्लार्कनं मला सांगितलं की ती विषय बदलायला काय करावं लागतं ते विचारून गेली. ऑफिस सोमवारी निर्णय घेणार होतं.

शनिवारी ती गावी जाते हे मला माहीत होतं. मी एस.टी. स्टँडवर गेले. दिग्रसची गाडी लागायची होती. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठायला लागली, मी तिला बसवलं आणि शेजारी बसले. वाटेत काय बोलायचं ते मनाशी नीट जुळवलं होतं. तिथं गेल्यावर त्यातलं काही आठवलं नाही.

"विषय सोडतेस?"

"हो मॅडम."

"एका भूमिकेसाठी?"

तिनं मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाली, "मॅडम, तुमाले राग येईल."

"येऊ दे."

"ते लक्ष्मीचं काम मले येते. माही आई रोज करते. आजी करत होती. मुकादमासमोर हात जोडून उभं राहाचं, त्यानं नाही म्हटलं तं घरी याचं. ते शिकाले मी फी कायले भरू? आमच्या घरात खुर्चीवर बसाची सवय कोनाले नाही. ती सवय कराले मी इथं आली."

तीच पुढे बोलली. "आन त्या पोरी करतेत ना, ओढनी घेऊन, बारीक आवाज काढून... मले आईची आठवन येते. माही आई तशी नाही बोलत. मले लय राग येते मॅडम, पन सांगू कोनाले? सांगतलं तं सगळ्यायले कळनार, ही कोनाची पोरगी हाय म्हनून."

मी विचारलं, "मग लक्ष्मी कोणी व्हायचं?"

"ज्याले माहीत नाही तो करते आन ज्याले माहीत हाय तो करत नाही. मले काय विचारता? तुमी मोठ्या घरच्या, तुमीच सांगा."

दिग्रसची गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. ती उठली. मी तिला म्हटलं, "सोमवारी वर्गात ये. लक्ष्मी मी होते. खुर्चीवर तू बस."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. त्या घाईतही तिला हसू आलं. "मले ढिलं नाही विचारता येत मॅडम. नियमानंच विचारीन."

"नियमानंच विचार," मी म्हटलं.

रविवार मी घरातच काढला. आई मी नोकरीला लागण्याआधीच गेली. तिचा एकही फोटो चांगला नाही. तिची आठवण काढायला मला कोणी जोडीदारही नाही, कारण तिला ओळखणारं माणूसच माझ्या आयुष्यात उरलेलं नाही. तिचं बोलणं मला आठवतंय का, हे बघायला मी स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं दोन-चार वाक्यं बोलून पाहिली. आवाज लगेच जुळला. मला भीतीच वाटली.

सोमवारी सुनीता आली. खुर्चीवर बसली. मी कडक इस्त्रीच्या साडीसकट दाराजवळ फरशीवर बसले. वर्ग हसला. आई गिऱ्हाइकाच्या घरी कधी आत बसत नसे. बसा म्हटलं तरी दारापाशीच टेकायची, केसांतला कापूस लोकांच्या घरात पडेल म्हणून.

"नाव?" सुनीतानं विचारलं.

"लक्ष्मी."

"या आधी काही विकलं आहे?"

"विकलं नाही बाई. गाद्या भरून देतो आमी. घरोघर जाऊन विचारतो, गादी भराची हाय का, जुनी उसवून नवी कराची हाय का."

"लोक दार उघडतात?"

"उघडतेत ना. पन म्हनते, मांगल्या दारानं ये, कापूस उडते. मंग मी मांगून जातो. वाईट नाही वाटत. गादी तं माहीच घेऊन झोपतेत ना ते."

वर्गात पुन्हा हशा झाला. सुनीता हसली नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला. "लिहितावाचता येतं?"

"नाही."

"कंपनीच्या नियमानुसार माल आला-गेला लिहून ठेवावा लागतो. घरात मदत करील असं कोणी आहे?"

"पोरगी हाय एक. शिकून राह्यली."

"मग ती लिहील?"

इथवर मी ठरवल्याप्रमाणे बोलत होते. यापुढचं मी ठरवलं नव्हतं. "तिले नका बलावू," मी म्हटलं. "माह्या कामात तिले नका आनू. मीच तिले सांगतलं, रस्त्यानं माह्या पुढं चाल, माह्यासंगं दिसू नको. शाळेच्या पोरी पाहतेत. ती ऐकत नव्हती, मांगं मांगं येत होती. एक दिवस मी तिले मारलं. तवापासून पुढं चालते. तिले नका बलावू बाई. माहं काम नाही झालं तरी चालते."

मी चष्मा काढला होता, त्यामुळे सुनीताचा चेहरा मला स्पष्ट दिसत नव्हता. तिनं हातातला कागद टेबलावर सरळ केला. मग तिच्या त्या पुस्तकी मराठीत, आवाज अजिबात न बदलता म्हणाली, "तुम्हाला लिहितावाचता येत नाही आणि घरातून मदत मिळणार नाही. नियमानुसार तुमची निवड करता येत नाही. तुम्ही जाऊ शकता."

निर्णय बरोबर होता. मी तिच्या जागी असते तर तोच दिला असता. मी दाराची चौकट धरून उठले, एका मुलीनं हात दिला, आणि वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावरची मुलं बाकं वाजवत होती. एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्ही नाटकात असत्या तर कुठच्या कुठे गेल्या असत्या!" दुसरीनं विचारलं, "तो मारण्याचा प्रसंग तुम्ही आयत्या वेळी रचला का?" मी हो म्हटलं. उरलेला वेळ मुलं अधिकाऱ्यानं नियम वाकवायला हवा होता की नको, यावर छान बोलली. इतकी चांगली चर्चा माझ्या वर्गात पूर्वी झाली नव्हती. मी फळ्यावर मुद्दे लिहीत राहिले.

माझ्याइतकं एकटं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सगळा जन्म तोंडातून न निघालेली गोष्ट मी भर वर्गात सांगितली होती आणि तिला मार्क मिळाले होते अभिनयाचे. मला रडू येत होतं, आणि आपण इतका चांगला अभिनय केला याचा जरासा अभिमानही वाटत होता. मास्तरकी अंगात मुरली की असंच होतं.

सुनीतानं विषय सोडला नाही. त्या वर्षी तो चालला, माझ्या निवृत्तीपर्यंत चालला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी बंद झाला. त्या जागी आता ग्रामीण बाजारपेठ शिकवतात. मुलं पुष्कळ असतात म्हणे. सुनीता नोकरीसाठी नागपूरकडे गेली. पुढचं मला माहीत नाही, आमचं तसं जाणंयेणं कधी झालं नाही.

पण त्या सोमवारी तास संपला आणि मुलं आपापसांत बोलत बाहेर पडली, तेव्हा ती गेली नाही. मी फळा पुसत होते. ती अजून खुर्चीवरच होती, दोन्ही हात टेबलावर. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मॅडम," ती म्हणाली, "त्या बाईचं खरं नाव काय होतं?"

त्या इमारतीत मी माझी उमर घालवली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी डस्टर खाली ठेवलं.

"जमिला," मी म्हटलं.

"जमिलाबी," ती म्हणाली, आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली.